दुष्काळी मजुरींत मुलांचा वांटा

१८७६ सालीं पावसानें दख्खनला दगा दिला. खरिपाचें पीक बुडालें आणि परतीचा पाऊसहि न आल्यामुळें रब्बीची पेरणी बहुतेक ठिकाणीं झालीच नाहीं. पुणें, सोलापूर, अहमदनगर, सातारा हे जिल्हे आणि त्यांच्या दक्षिणेस कलादगी, बेळगांव व धारवाड या साऱ्या पट्ट्यांत धान्याचे भाव असे चढले कीं, ज्याच्या घरांतील कणगी रिकामी झाली त्याला बाजार असून नसल्यासारखाच झाला. धान्य मुळींच नव्हतें असें नाहीं. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या आगगाडीनें तें येत होतें, व्यापाऱ्यांच्या वखारींतहि तें होतें. नव्हता तो पैसा. शेत पिकलें नाहीं म्हणजे शेतकरी जसा बसतो, तसाच त्याच्या शेतावर राबणारा मजूर बसतो, त्याचीं अवजारें करणारा सुतार-लोहार बसतो आणि त्याला लुगडें-धोतर विणून देणारा कोष्टीहि बसतो. दुष्काळ हा आधीं मजुरीचा असतो व मग धान्याचा, हें त्या वेळच्या अधिकाऱ्यांना उमगलें नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. धान्याच्या व्यापारांत हात घालावयाचा नाहीं असा सरकारचा बाणा असल्यामुळें त्यांनीं धान्य वांटलें नाहीं, कामें काढलीं.

तीं कामें आजहि डोळ्यांसमोर आहेत. दौंडहून मनमाडला जाणारा लोहमार्ग, नीरेचा डावा कालवा, म्हसवडचा तलाव, सोलापूर जिल्ह्यांतील आष्टीचा तलाव, या सर्वांच्या पायांत त्या दुष्काळांतील माणसांनीं वाहिलेली माती आहे. कामें दोन प्रकारचीं होतीं. मोठीं कामें बांधकाम खात्याच्या इंजिनियरांच्या हाताखालीं चालत; तेथें काम मोजून घेतलें जाई. तालुक्यांतील रस्ते दुरुस्त करणें, तळीं उपसणें अशीं लहान कामें मामलेदारांच्या देखरेखीखालीं गांवाजवळच चालत, आणि अशक्त, म्हाताऱ्या किंवा लेंकुरवाळ्या माणसांचा ओढा साहजिकच या दुसऱ्या प्रकाराकडे असे. सकाळीं निघावें, दिवसभर पाट्या टाकाव्यात आणि अंधार पडण्यापूर्वी घरीं परतावें, एवढें तरी तेथें साधत होतें.

आरंभीं मजुरी ठरली ती अशी: पुरुषास दोन आणे, बाईस दीड आणा, आणि काम करण्याजोग्या मुलास एक आणा. धान्य रुपयास सोळा रत्तल, म्हणजे सुमारें आठ शेर, या भावाच्या पलीकडे महागलें तर पुरुषाची मजुरीहि भावाबरोबर वाढावी, असेंहि पुढें ठरलें. हा हिशेब वरवर पाहतां वाईट नव्हता. परंतु त्यांतील "काम करण्याजोग्या मुलास" या शब्दांपाशीं क्षणभर थांबलें पाहिजे. एका कुटुंबांत नवरा, बायको, बारा वर्षांचा मुलगा, तीन व पांच वर्षांचीं दोन लेंकरें आणि घरीं बसलेली सासू अशीं सहा माणसें धरलीं, तर मजुरीच्या हजेरीपुस्तकांत नांवें पडत तीं तिघांचीं. तिघांचे मिळून साडेचार आणे. रुपयास सोळा रत्तल या भावानें तेवढ्यांत साडेचार रत्तल धान्य येई, आणि तें सहा तोंडांत वांटलें जाई. मीठ-मिरची, सर्पण, तेल यांचा खर्च त्यांतूनच. म्हणजे सरकारच्या दृष्टीनें मजुरी ही राबणाऱ्या हाताची किंमत होती. घरच्या चुलीच्या दृष्टीनें ती न राबणाऱ्या तोंडांचीहि भाकरी होती. पुढील शंभर वर्षांत दुष्काळनिवारणाचे जे वाद झाले, त्यांतील पुष्कळसे या एका विसंगतींतून निघालेले आहेत.

१८७७ च्या जानेवारींत ही मजुरीहि उतरली. तिचे कर्ते सर रिचर्ड टेंपल. या गृहस्थांची कथा मोठी चमत्कारिक आहे. तीन वर्षांपूर्वी, १८७४ सालीं, बिहारांत दुष्काळ पडला असतां त्यांनींच ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून सढळ हातानें वांटला होता. आणि त्या दुष्काळांत भुकेनें माणसें जवळजवळ मेलींच नाहींत. एकोणिसाव्या शतकांतील हिंदुस्थानच्या इतिहासांत असें यश दुसरें दाखवितां येणें कठीण. पण त्याला सहा कोटींहून अधिक रुपये लागले, आणि टेंपलसाहेबांच्या पदरीं आली ती उधळपट्टीची बदनामी. लोक जगले या गोष्टीपेक्षां पैसा गेला ही गोष्टच विलायतेंत अधिक बोलली गेली. हा धडा त्यांनीं पुरेपूर गिरवला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं त्यांना दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर पाठविलें तें काटकसरीची ताकीद देऊनच. टेंपलसाहेबांनीं ठरविलें कीं, काम करणाऱ्या पुरुषास जगण्यापुरतें एक रत्तल धान्य पुरेसें आहे. त्याची किंमत आणि वर अर्धा आणा एवढी मजुरी त्यास द्यावी. बायका व मुलें यांना त्याहून कमी. शिवाय मदत मागणारा खरोखरच गरजू आहे कीं नाहीं हें पारखण्यासाठीं त्याला गांवापासून दूरच्या कामावर जावयास लावावें, तेथेंच छावणींत राहावयास लावावें.

एक रत्तल म्हणजे अर्ध्या पक्क्या शेराहूनहि किंचित् कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचा हा शिधा. तुरुंगांतील कैद्याला याहून अधिक मिळत असे. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं ही तुलना सरकारपुढें मांडली आणि एवढ्या अन्नावर राबणारें शरीर हळूहळू स्वतःलाच खाऊं लागतें असें वैद्यकाच्या आधारानें बजावलें. टेंपल व कॉर्निश यांचा हा वाद वाचतांना एक गोष्ट मात्र ध्यानांत येते: दोघेहि बोलत आहेत तें मुख्यतः राबणाऱ्या पुरुषाबद्दल. त्याच्या रत्तलांतून मुलाकडे किती जातें, हा प्रश्न कागदावर फारसा उतरतच नाहीं. आणि तो तर प्रत्येक घरांत रोज संध्याकाळीं सोडवावा लागत होता. बाप आपल्या ताटांतील भाकरी मोडून लेंकराला देतो तेव्हां तो उद्यांच्या मोजणींत कमी माती टाकतो. आणि काम कमी भरलें कीं मजुरी कापली जाण्याची धास्ती. न दिली, तर लेंकरूं झुरतें.

मजुरी उतरल्याची आणि जवळच्या कामांवरून दूरच्या कामांवर जाण्याची आज्ञा गांवोगांव पोंचतांच जें घडलें तें त्या काळाच्या मानानें विलक्षणच होतें. लोकांनीं कामेंच सोडलीं. दंगा नाहीं, लूट नाहीं. बायकामुलांसह लोक उठले आणि चालते झाले. अशा रीतीनें मुंबई इलाख्यांतील कामांवरून निघून गेलेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. भुकेल्या माणसानें मिळत असलेली मजुरी टाकून जावें, याचा अर्थ लावतांना कांहीं अधिकाऱ्यांनीं असें म्हटलें कीं, ज्या अर्थीं हे जाऊं शकतात त्या अर्थीं यांना मदतीची गरजच नव्हती. या तर्कटाला उत्तर देणें कठीण नाहीं. अंगावर पितें मूल आणि हाताशीं चालतें मूल असलेली बाई दहा मैलांवरच्या छावणींत गेली, तर मागें राहिलेल्या म्हातारीला पाणी कोण देणार, आणि नेलेल्या मुलाला उघड्या माळावर माघाच्या थंडींत काय पांघरावें, याचा जाब आज्ञापत्रांत नव्हता. पुष्कळांनीं निजामाच्या मुलखाची, वऱ्हाडाची, खानदेशाची वाट धरली.

या लोकांची बाजू लिहून काढण्याचें काम पुण्याच्या सार्वजनिक सभेनें केलें. सभा स्थापन होऊन तेव्हां सातच वर्षें झालीं होतीं. तिचे प्राण गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. १८७७ च्या एक जानेवारीला दिल्लीस राणीसाहेबांना कैसर-इ-हिंद हा किताब जाहीर करण्याचा जो दरबार भरला, त्यांत हेच जोशी हातानें कातलेल्या सुताची जाडीभरडी खादी नेसून सभेच्या वतीनें हजर होते. तिकडे दरबाराच्या मेजवान्या आणि इकडे रत्तलाचा हिशेब, हीं दोन्ही एकाच महिन्यांतलीं. सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून आपलीं माणसें फिरविलीं, पिकांची, भावांची व कामांवरील लोकांच्या स्थितीची माहिती जमविली आणि तीं दुष्काळवृत्तें सरकारकडे व वर्तमानपत्रांकडे धाडलीं. न्यायमूर्ति रानडे यांचा त्या कामांतील हात सर्वश्रुत आहे. गांवच्या लोकांचें म्हणणें आंकड्यांत मांडून सरकारला त्याच्याच भाषेंत जाब विचारण्याची रीत महाराष्ट्रांत येथून रूढ झाली.

परंतु जाबानें पोट भरत नाहीं. ज्या वर्षीं सभा मजुरीसाठीं लिहीत होती, त्याच वर्षीं पुण्याच्या दक्षिणेस धनकवडी येथें जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक समाजाच्या मंडळींनीं दुष्काळी मुलांसाठीं एक आश्रम उघडला. नांव दिलें राणीचें, व्हिक्टोरिया. तेथें येणाऱ्या मुलांना शिजविलेलें अन्न मिळे. सावित्रीबाई त्या सुमारास जुन्नरकडे ओतूर भागांत होत्या; २० एप्रिल १८७७ रोजीं त्यांनीं तेथून जोतीरावांना लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे, आणि दुष्काळानें गांवकऱ्यांची काय दशा केली व समाजाचीं माणसें तेथें काय करीत होतीं हें त्यावरून समजतें. सभा आणि समाज यांचें आपसांत फारसें पटत नव्हतें, हें सांगावयास नकोच. तरीहि या दोन प्रयत्नांना शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढल्यासारखी दिसते. सभेनें कामकऱ्याचा हक्क मोजला. धनकवडीच्या आश्रमांत मूल हेंच मोजमाप होतें. त्यानें माती टाकली कीं नाहीं, त्याचा बाप कोणत्या कामावर आहे, तें दहा मैल चालून आलें कीं कसें, या चौकशींना तेथें जागा नव्हती. मूल भुकेलें आहे एवढें पुरे. आश्रम लहान होता, दुष्काळ अफाट होता. पण कल्पना सरकारी कल्पनेहून पुष्कळ पुढची होती.

मद्रासकडे कॉर्निश यांच्या आग्रहानें मे महिन्यांत मजुरी पुन्हां वाढविण्यांत आली. ऑगस्टांत तेथील नागरिकांनीं जाहीर सभा भरवून विलायतेला हांक दिली, आणि लंडनच्या लॉर्ड मेयरांनीं उघडलेल्या फंडांत लक्षावधि पौंड जमले. त्या फंडाच्या व्यवस्थेंत विल्यम डिग्बी या पत्रकाराचा मोठा भाग होता. १८७८ सालीं त्यांनीं दोन खंडांत लिहिलेला त्या दुष्काळाचा इतिहास आजहि वाचनीय आहे. त्या पैशांतून तान्ह्या व लहान मुलांना दिवसा सांभाळून खाऊं घालणारीं बालगृहेंहि चालविण्यांत आलीं. म्हणजे तेथेंहि मुलाची सोय झाली ती सरकारी मजुरीच्या बाहेर, लोकांच्या वर्गणींतून. टेंपलसाहेब मात्र त्याच वर्षीं मुंबईचे गव्हर्नर झाले.

या दुष्काळानें ब्रिटिश मुलखांत सुमारें साडेबावन्न लाख माणसें नेलीं, असा अंदाज पुढें सरकारी कमिशननेंच केला. नंतरच्या अभ्यासकांचे आंकडे याहून मोठे आहेत. एका कलादगी जिल्ह्याची वस्ती १८७२ व १८८१ या दोन खानेसुमारींच्या दरम्यान एक पंचमांशाहून अधिक घटली. इतकें झाल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं दुष्काळ कमिशन बसलें. १८८० सालीं त्याचा अहवाल आला आणि १८८३ सालीं दुष्काळसंहितेचा, लोकांच्या तोंडच्या "फॅमिन कोडा"चा, मसुदा निघाला. ही संहिता औदार्यानें लिहिलेली नाहीं. खर्चाची भीति तिच्या पानापानावर आहे. परंतु तींत दोन गोष्टी होत्या ज्या टेंपलसाहेबांच्या आज्ञेंत नव्हत्या. एक, मजुरी ही माणसाची प्रकृति टिकेल एवढी असली पाहिजे. आणि दुसरी, जे काम करूं शकत नाहींत त्यांची, अंध, पंगु, वृद्ध व लहान मुलें यांची, गांवांत जाऊन यादी करून त्यांना काम न घेतां मदत द्यावी. कामावरील मजुरांच्या अवलंबून असणाऱ्या मुलांनाहि या व्यवस्थेंत स्थान मिळालें. हजेरीपुस्तकाच्या बाहेर राहिलेलीं घरांतील तिघें अशा रीतीनें प्रथमच सरकारी कागदावर आलीं.

तीं कागदावर आल्याबरोबर नवा वाद सुरू झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाहीं. मुलाचा वांटा रोख पैशानें आईच्या हातांत द्यावा, कीं त्याला स्वैंपाकघरांत बसवून शिजविलेलें अन्न द्यावें? रोख दिला तर हिशेब सोपा, चुलीचा मान राहतो, आणि शिजविलेल्या अन्नामागें येणारे जातिभेदाचे प्रश्न उठत नाहींत. पण रोख पैसा घरांत आला कीं तो घराचा होतो. मुलाच्या नांवाचे दिडके सासूच्या औषधाला, बैलाच्या वैरणीला किंवा सावकाराच्या तगाद्यालाहि जातात. स्वैंपाकघरांतील पेज मात्र मुलाच्याच पोटांत जाते. १८९८ व १९०१ या दोन्ही कमिशनांपुढें हा खल झाला. आईवर अविश्वास दाखविणारें म्हणून हें दुसरें मत पुष्कळांना रुचत नसे. तरी उपाशी घरांत आईलाच रोज कोणाच्या तोंडचा घांस काढावयाचा हें ठरविण्यास लावण्यापेक्षां तें ओझें तिच्यावरून उतरविणें अधिक दयेचें होतें, असेंच म्हणावें लागेल.

संहितेचा खरा उपयोग कसा होतो हें १८९६ सालीं दिसलें. पुन्हां पाऊस गेला. लोकमान्य टिळकांच्या पुढारीपणाखालीं सार्वजनिक सभेचे प्रचारक गांवोगांव गेले आणि शेतकऱ्यांना त्यांनीं सांगितलें कीं, ही मदत म्हणजे भिक्षा नव्हे; सरकारनें स्वतः लिहून ठेवलेला हा कायदा आहे, तो वाचा आणि मागा. केसरींतून तोच घोष. १८७७ सालीं लोक मजुरी नाकारून मुकाट्यानें निघून गेले होते; वीस वर्षांनीं त्यांच्या हातांत कलमांचे आंकडे होते. सरकारला हें इतकें झोंबलें कीं प्रचारकांवर खटले झाले आणि १८९७ सालीं सभेला असलेली सरकारी मान्यता काढून घेण्यांत आली. सरकारच्याच नियमांचा प्रसार केल्याबद्दल ही शिक्षा!

त्याच दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. दुष्काळ काय असतो हें त्यांना पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. कोंवळ्या वयांत आईबाप व बहीण यांना त्यांनीं अशाच उपासमारींत गमावलें होतें. अनाथ व निराधार मुलींना कोण कोठें पळवून नेतें हें तेथील दुष्काळी छावण्यांत व अनाथगृहांत पाहून त्यांनीं सुमारें तीनशें मुली आपल्याबरोबर आणल्या, आणि पुण्यांत प्लेग असल्यामुळें त्यांची सोय केडगांव येथें करावी लागली. १९०० च्या दुष्काळांत, ज्याला गुजराथेंत छप्पनियो म्हणतात, त्यांनीं तिकडील मुलीहि आणल्या. केडगांवचा विस्तार त्यांतूनच झाला. पण येथें एक कठीण प्रश्न उभा राहिला: दुष्काळानें पोरकें केलेलें मूल कोणत्या धर्मांत वाढावें? मिशनांच्या अनाथालयांत हजारों मुलें जात होतीं. लाला लजपतराय यांनीं पंजाबांतून हिंदु अनाथांसाठीं चळवळ उभारली आणि १९०१ च्या कमिशनपुढें साक्षहि दिली. दोन्ही बाजूंनीं कळकळ होती, दोन्ही बाजूंनीं अभिनिवेशहि होता. मुलाला भाकरी देणारा हात त्याचें नांव व कुळहि बदलूं शकतो, ही गोष्ट मात्र तेव्हांपासून दुष्काळनिवारणाच्या विचारांत कायमची येऊन बसली.

संहिता असून ती न वापरण्याचा परिणाम बंगालनें १९४३ सालीं भोगला. तेथें संहितेप्रमाणें दुष्काळ जाहीरच करण्यांत आला नाहीं. त्या ऑक्टोबरांत बंगालच्या प्रभारी गव्हर्नरांनीं व्हाइसरॉयला कळविलें तें असें कीं, संहितेंत ठरवून दिलेला शिधा देण्याइतकें धान्यच हाताशीं नाहीं, म्हणून ती लागू केलेली नाहीं. कलकत्त्याच्या पदपथांवर खेड्यांतून आलेलीं कुटुंबें पेजेच्या केंद्रांपुढें रांगा लावून बसलीं. वुडहेड कमिशननें मृत्यूंचा आंकडा पंधरा लाख धरला. पुढील संशोधकांनीं तो वीस ते तीस लाखांपर्यंत नेला.

महाराष्ट्रावर पुन्हां तशीच वेळ आली ती १९७२ सालीं, लागोपाठ पाऊस हुकल्यावर. या वेळीं सरकार आपलें होतें आणि वर्तमानपत्रें, विधानसभा, मोर्चे हीं सारीं जागीं होतीं. खडी फोडणें, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशीं कामें इतकीं निघालीं कीं, १९७३ च्या मे महिन्यांत त्यांवर जवळजवळ पन्नास लाख माणसें राबत होतीं, आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. मजुरी अपुरी होती, ती वेळेवर मिळत नसे, हजेरीपुस्तकांत खोटीं नांवेंहि पडत; त्याविरुद्ध निदर्शनेंहि झालीं. हाल पुष्कळ झाले, पण १८७७ सारखीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं नाहींत. त्यांतूनच वि. स. पागे यांच्या पुढाकारानें आकारास आलेली रोजगार हमी योजना १९७७ सालीं कायद्यांत उतरली, आणि मागेल त्याला काम देणें ही सरकारवरची बांधिलकी झाली. टेंपलसाहेबांच्या कपातीला त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें भरत होतीं.

१९७३ च्या त्या कामांवर आणखी एक वस्तु मिळे, आणि त्या पिढींतील ग्रामीण माणसांना तिची चव आजहि आठवते: सुकडी. धान्याच्या पिठाचा तो गोडसर, कोरडा खाऊ. मजुरीचे पैसे आठवड्यानें येत, कधीं पंधरवड्यानें. घरीं जाऊन त्यांची वांटणी होई. सुकडी मात्र कामाच्या ठिकाणींच ओंजळींत पडे, आणि खडीच्या ढिगाआड झोळींत निजलेल्या धाकट्यासाठीं आई आपल्या ओंजळींतली थोडी पदराच्या टोकाला बांधून ठेवी.